उन्हाच्या हिशेबावर जगणारा सरडा

जूनअखेरीस मुंबईत पाऊस स्थिरावला की बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या कुंपणालगत, मऊ झालेल्या मातीत, बागेतल्या सरड्याची मादी अंडी घालायला येते. पुढच्या पायांनी ती माती उकरते, डझनभर पांढरी, लांबट अंडी घालते, खड्डा बुजवते आणि नाकाडाने थोपटून माती घट्ट बसवते. त्यानंतर ती तिकडे फिरकत नाही. पुढचे दीड-दोन महिने अंडी उबवण्याचे काम मुंबईची माती करते, कारण भर पावसातही ती रात्रंदिवस उबदार असते. साडेचार हजार मीटर उंचीवर हीच रीत चालवायची म्हटले, तर अंड्यांतून पिल्ले बाहेर पडण्याची आशा फारच थोडी उरेल. तरीही तिथे सरडे राहतात, आणि चांगले नांदतात.

लडाखच्या चांगथांग भागात, त्सो मोरिरी सरोवराच्या वाळवंटी काठावर, एका जुलै महिन्यात मी असा सरडा प्रथम पाहिला. त्याचे शास्त्रीय नाव फ्रायनोसेफॅलस थिओबाल्डी असून एडवर्ड ब्लिथ या प्राणिशास्त्रज्ञांनी १८६३ साली त्याचे वर्णन केले. ‘फ्रायनोस’ म्हणजे ग्रीक भाषेत भेक आणि ‘केफाले’ म्हणजे डोके, तेव्हा मराठीत त्याला बेडूकतोंड्या सरडा म्हणायला हरकत नसावी. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत तो जेमतेम ५ सेंटिमीटर भरतो. अंग चपटे, रंग वाळूचा आणि त्यातल्या बारीक खड्यांचा. कानाचे छिद्र बाहेरून दिसत नाही आणि पापण्यांच्या कडांना खवल्यांची झालर असते; वाऱ्याबरोबर सतत वाळू उडत असेल, तर या दोन्ही गोष्टी फार कामाच्या.

सकाळचे नऊ वाजले होते. आम्ही कानटोप्या घालून, हात खिशात खुपसून उभे होतो आणि हा एवढासा जीव एका काळपट दगडावर बरगड्या फाकवून, पाठ सूर्याकडे कलती करून निश्चल बसला होता. काही मिनिटांनी त्याने मान वळवली, दगडावरून उडी मारली आणि समोरून जाणारी मुंगी टिपली. आमची बोटे अजून बधिरच होती.

यामागचे भौतिकशास्त्र साधे आहे. समुद्रसपाटीपासून वर जाताना दर हजार मीटरला हवेचे तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरते, म्हणजे त्सो मोरिरीच्या उंचीवर ते समुद्रकिनाऱ्यापेक्षा तीसेक अंशांनी कमी असते. पण तिथली विरळ, कोरडी हवा सूर्यकिरणांना फारसा अटकाव करत नाही, त्यामुळे उघडी जमीन आणि दगड हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतात. लहान, चपट्या शरीराला ही ऊब झटपट मिळते. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ ऑलिव्हर पिअरसन यांनी पेरू देशातल्या अँडीज पर्वतात लिओलेमस या सरड्यांची तापमाने मोजली आणि १९५४ साली आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. हवा गोठणबिंदूच्या आसपास असताना उन्हात बसलेल्या सरड्याचे शरीर तिथे तीस अंशांच्या वर गेलेले आढळले. याच लिओलेमस कुळातला एक सरडा २०२० साली पेरूतल्या चाचानी ज्वालामुखीवर ५४०० मीटर उंचीवर दिसला, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत तो उच्चांक ठरला.

विरळ प्राणवायूची अडचण मात्र वाटते तेवढी मोठी नाही. साडेचार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ५७ टक्केच असतो आणि मुंबईहून गेलेल्या माणसाला त्याने धाप लागते. सरड्याला शरीर आतून तापवायचे नसल्याने त्याच आकाराच्या सस्तन प्राण्याच्या मानाने त्याची प्राणवायूची गरज अगदी थोडी असते.

खरी अडचण अंड्यांची आहे. सरडा उन्हाकडे चालत जाऊ शकतो, अंडे जाऊ शकत नाही. मातीत पुरलेले अंडे मातीच्याच तापमानाला राहते आणि थंड जमिनीत भ्रूणाची वाढ इतकी मंदावते की ती पुरी होण्याआधीच उन्हाळा संपून जातो. यावर उत्क्रांतीने काढलेला तोडगा मला फार सुंदर वाटतो: मादी अंडी घालतच नाही, ती पोटातच वाढवते आणि थेट पिल्लांना जन्म देते. ती उन्हात बसते तेव्हा पोटातली पिल्लेही उन्हात बसतात. रात्री बिळात तिचे अंग थंड पडते हे खरे, परंतु दिवसाचे जे काही तास तिला तीस अंशांच्या वरचे मिळतात, त्यांचा लाभ भ्रूणांना पुरेपूर होतो. हा बदल एका झटक्यात घडला नसावा. अंडी थोडी अधिक काळ पोटात ठेवणाऱ्या माद्यांची पिल्ले अधिक जगली, पिढ्यांगणिक तो काळ लांबत गेला, आणि जाड कवचातून प्राणवायू पोहोचणे अवघड असल्याने कवच पातळ होत अखेर पडद्यापुरते उरले. सरडे आणि साप यांच्या वंशवृक्षात अशी पिल्ले देण्याची रीत शंभराहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उपजली आहे. तिचा थंड प्रदेशांशी असलेला संबंध मांडणाऱ्यांत ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर वीक्स होत्या. सरड्यांच्या वारेवर, म्हणजे गर्भाला आईशी जोडणाऱ्या अवयवावर, त्यांनी १९३०च्या दशकापर्यंत मोलाचे काम केले आणि पुढे डॉक्टर होऊन मानसिक चिंतेच्या उपचारांसाठी त्या जगभर ओळखल्या गेल्या.

या सोयीची किंमत मादीला मोजावी लागते. पोट जड झाल्यावर तिला वेगाने पळता येत नाही, आणि खाटीक पक्षी, ससाणे व कोल्हे यांना हे आयतेच सावज मिळते. तिची पिल्लेही मोजकीच असतात. आमच्या कुंपणाजवळच्या मादीसारखी डझनभर अंडी तिच्या पोटात मावणे शक्य नाही.

दुसरी किंमत अलीकडे ध्यानात आली. जीवशास्त्रज्ञ बॅरी सिनर्वो आणि सहकाऱ्यांनी मेक्सिकोतल्या स्केलोपोरस सरड्यांचा २०० ठिकाणी मागोवा घेतला, आणि १९७५पासून तिथल्या १२ टक्के स्थानिक वसाहती नाहीशा झाल्याचे २०१० साली प्रसिद्ध केले. हवा तापली की सरड्यांना भर दुपारी सावलीत दडावे लागते. ते दडण्याचे तास वसंतात, नेमक्या गर्भारपणाच्या दिवसांत, वाढले तर मादीला पुरेसे खाता येत नाही. पिल्ले देणाऱ्या जातींना हा धोका अंडी घालणाऱ्या जातींच्या दुप्पट असल्याचे त्यांना आढळले. थंडीवर मात करण्यासाठी ज्या जातींनी आपले सगळे जीवनचक्र उन्हाच्या तासांशी बांधून घेतले, त्यांना त्या तासांत झालेला बदल सर्वांत आधी जाणवतो, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

लडाखच्या वाळूत पिल्ले जन्मतात तेव्हा उन्हाळा उतरणीला लागलेला असतो. जन्मलेले पिल्लू बोटाच्या पेरांएवढे असते, आणि त्याला कोणी भरवत नाही. पहिल्याच दिवसापासून ते स्वतः दगड शोधते, अंग तापवते, मुंग्या आणि बारीक किडे टिपते. बिळाच्या तोंडाशी बर्फ साचण्याआधी त्याला काही आठवडेच मिळतात, आणि तेवढ्यात जमवलेल्या चरबीवर त्याला जमिनीखाली सारा हिवाळा काढायचा असतो.