‘लेशेटिट्स्की यांचे शिष्य’ ही ओळख आली कुठून?

युरोपातल्या जुन्या पियानोवादकांची चरित्रे चाळताना एक ओळ सारखी आडवी येते: ‘व्हिएन्नात लेशेटिट्स्की यांच्याकडे शिक्षण.’ पाडेरेव्स्की, श्नाबेल, फ्रीडमन, मॉइसेविच, गॅब्रिलोविच, होर्शोव्स्की, अशी यादी लांबत जाते. यातल्या कुठल्याही दोघांची ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकली, तर ही एकाच गुरूची माणसे आहेत हे खरे वाटत नाही. मग त्या ओळीचा अर्थ काय घ्यायचा? त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

थिओडोर लेशेटिट्स्की यांचा जन्म २२ जून १८३० रोजी गॅलिशियातल्या लान्ट्सुतचा. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. तेव्हा ऑस्ट्रियाची सत्ता होती. वडील पोटोत्स्की या सरदार घराण्यात संगीतशिक्षक होते. मुलगा अकरा वर्षांचा झाल्यावर त्याला व्हिएन्नात कार्ल चेर्नी यांच्याकडे घातले. मुंबई-गोव्यात पियानोच्या परीक्षा देणाऱ्या मुलांना ज्यांचे एट्यूड, म्हणजे बोटांच्या सरावाच्या रचना, महिनोन्‌महिने घासावे लागतात, तेच हे चेर्नी. ते स्वतः लहानपणी बेथोव्हेनकडे शिकले होते आणि पुढे लिस्ट त्यांच्याकडे शिकला. त्यामुळे ‘बेथोव्हेन, चेर्नी, लेशेटिट्स्की’ ही साखळी पुस्तकांत मोठ्या अभिमानाने सांगतात. ती खोटी नाही, पण तिच्यावर फार भार टाकू नये. चेर्नींनी बोटे तयार केली. लेशेटिट्स्कींना पुढे जे शिकवायचे होते, ते त्यांना दुसरीकडे सापडले.

ते सापडले विशीत, व्हिएन्नातल्या एका खासगी मैफलीत. प्रागचा युलियस शूलहॉफ वाजवत होता. हा पॅरिसला चोपँच्या सहवासात राहून आलेला. त्या काळी व्हिएन्नाच्या वादकांमध्ये चपळ, खणखणीत, मोत्यांसारख्या सुट्या स्वरांची चलती होती. शूलहॉफने कसरत बाजूला ठेवली आणि पियानो गायकासारखा गायला लावला. श्रोत्यांतल्या बऱ्याच जणांना ते मिळमिळीत वाटले. लेशेटिट्स्की मात्र हादरले. त्यांनी काही काळ शिष्यांकडेही दुर्लक्ष केले आणि मनगट सैल ठेवून, बोटांची टोके पक्की करून, तोच नाद आपल्या हातून येतो का ते पाहत बसले. सगळ्या कारकिर्दीत मला हाच प्रसंग कळीचा वाटतो. तोवर ते वयाच्या चौदाव्या वर्षापासून शिकवत होते आणि वादक म्हणून नावही झाले होते.

१८५२मध्ये ते सेंट पीटर्सबर्गला गेले आणि पंचवीसहून अधिक वर्षे तिथेच राहिले. मित्र अंतोन रुबिनश्टाइन यांनी १८६२मध्ये तिथे रशियातले पहिले कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे संगीत महाविद्यालय, उभे केले, तेव्हा पियानो विभाग लेशेटिट्स्कींकडे आला. रशियन पियानोवादनाचा इतिहास सांगताना रुबिनश्टाइन बंधूंचे नाव आधी येते, ते योग्यच. पण लेशेटिट्स्कींची पेरणीही दूरवर उगवली. त्यांचे शिष्य सॅफोनॉव्ह मॉस्कोत शिकवू लागले आणि त्यांच्या हाताखालून स्क्र्याबिन आणि मेट्नर हे संगीतरचनाकार आणि पियानोवादक लेव्हिन तयार झाले. सॅफोनॉव्ह यांचे शिष्य निकोलायेव्ह यांच्याकडे पुढे संगीतरचनाकार शोस्ताकोविच पियानो शिकला. लेशेटिट्स्कींची लाडकी शिष्या अन्ना एसिपोवा नंतर पीटर्सबर्गमध्ये प्राध्यापक झाली. तिच्या वर्गात एक हट्टी मुलगा होता, पुढे संगीतरचनाकार झालेला प्रोकोफिएव्ह. त्या दोघांचे फारसे पटले नाही.

१८७८मध्ये लेशेटिट्स्की व्हिएन्नाला परतले. दोन वर्षांनी त्यांनी या एसिपोवाशीच लग्न केले. ते बारा वर्षे टिकले. त्यांची एकूण चार लग्ने झाली आणि एसिपोवानंतरच्या दोघीही शिष्याच होत्या. आजच्या नजरेला हे खटकते, आणि खटकायलाच हवे.

व्हिएन्नाच्या व्हेरिंग भागातले त्यांचे घर हीच मग संस्था झाली. नवा विद्यार्थी थेट त्यांच्यापर्यंत पोचत नसे. आधी सहायकांकडे हात तयार करायचा, मग त्यांच्यासमोर बसायचे. दोन पियानो शेजारी-शेजारी. एकावर शिष्य, दुसऱ्यावर ते. बुधवारी संध्याकाळी सगळ्यांसमोर वाजवायचा वर्ग असे आणि त्याची धास्ती भल्याभल्यांना असे. गुरुजी तापट होते. सुरांची पाने भिरकावून विद्यार्थ्याला बाहेर काढायचे आणि नंतर स्वतःच परत बोलवायचे.

शिकवण्याची रीत मात्र थंड डोक्याची होती. नवी रचना घेतली की आधी वाद्यापासून दूर बसून एक-दोन मात्राखंड वाचायचे. कुठले बोट कुठे, पेडल कधी दाबायचे आणि कधी सोडायचे, वाक्यांशाचा श्वास कुठे, हे सगळे मनात ठरवायचे. ते पाठ झाल्यावरच पियानोला हात लावायचा. मग पुढचे खंड. तासन्‌तास आंधळा रियाज त्यांना मान्यच नव्हता. स्वर दाबण्यापूर्वी तो मनात ऐकू आला पाहिजे आणि दाबल्यावर खरोखर कसा आला ते कानाने तपासले पाहिजे, यावर सगळा जोर. दुसरी गोष्ट दोन हातांच्या मेळाची. डाव्या हाताचा खर्ज आणि उजव्या हाताची सुरावट दर वेळी नेमकी एकत्र वाजवायची नाही. सुरावट क्षणभर मागे ठेवली की ती उठून दिसते. १९०६मध्ये त्यांनी वेल्टे-मिन्योन या वादन टिपून पियानोवर आपोआप पुन्हा वाजवणाऱ्या यंत्रासाठी कागदी रोल मुद्रित केले. त्यातल्या चोपँच्या नॉक्टर्न या संथ रचनेत हे स्पष्ट ऐकू येते. आजच्या परीक्षकाने त्याचे गुण कापले असते.

याच सुमारास ‘लेशेटिट्स्की पद्धत’ बाजारात आली. सहायिका मालविने ब्रे यांनी १९०२मध्ये त्याच नावाने पुस्तक काढले, त्यात गुरुजींच्या हाताची छायाचित्रेही होती. आपण तत्त्वतः पियानोच्या पद्धतींचे चाहते नाही, असे खुद्द गुरुजींनी त्या पुस्तकाला दिलेल्या प्रशस्तिपत्रातच लिहून टाकले! पण नाव चालत होते, आणि दूरदूरचे शिक्षक ते आपल्या पाटीवर लावत होते.

पद्धत एकच असती तर पाडेरेव्स्की आणि श्नाबेल यांना दोन टोकांची वागणूक मिळाली नसती. पाडेरेव्स्की १८८४मध्ये आले तेव्हा चोवीस वर्षांचे होते. फार उशीर झाला, असे गुरूंनी तोंडावर सांगितले आणि बोटांच्या प्राथमिक व्यायामापासून सुरुवात करायला लावली. चार वर्षांत पॅरिस त्यांच्या पायाशी होते आणि १९१९मध्ये ते पोलंडचे पंतप्रधान म्हणून व्हर्सायच्या करारावर सही करत होते. श्नाबेल आला तो नऊ वर्षांचा. त्याला गुरू म्हणत, तू पियानोवादक कधीच होणार नाहीस, तू संगीतज्ञ आहेस. त्याला लिस्टच्या ऱ्हॅप्सडीज या कसरतीच्या रचना माफ केल्या आणि हातात शूबर्टचे सोनाटा, म्हणजे अनेक भागांच्या दीर्घ रचना, ठेवले, जे तेव्हा मैफलीत जवळपास कुणी वाजवत नव्हते. याच श्नाबेलने १९३२ ते १९३५ या काळात बेथोव्हेनचे सर्व ३२ सोनाटा सर्वप्रथम ध्वनिमुद्रित केले.

आणखी एक शिष्य पॉल विटगेनश्टाइन, त्याची कथा वेगळीच. १९१३मध्ये पहिली मैफल केली आणि १९१४मध्ये युद्धात उजवा हात गेला. त्याने डाव्या हातावर कारकीर्द उभी केली. फ्रेंच संगीतरचनाकार रॅव्हेलने डाव्या हातासाठी कॉन्चेर्टो, म्हणजे वाद्यवृंदासोबत वाजवायची रचना, लिहिला तो त्याच्यासाठीच. लेशेटिट्स्कींनी स्वतः कित्येक वर्षांपूर्वी डोनिझेट्टीच्या ‘लुचिया’ या ऑपेरातल्या प्रसंगावर फक्त डाव्या हाताची एक रचना केली होती, हा योगायोग. मार्क ट्वेन यांची मुलगी क्लारा हीदेखील या घरात शिकायला होती. तिथल्या गॅब्रिलोविचशी तिने १९०९मध्ये लग्न केले.

१४ नोव्हेंबर १९१५ रोजी ड्रेस्डेनमध्ये लेशेटिट्स्की गेले, महायुद्ध चालू असताना. शिष्य तोवर युद्धाच्या दोन्ही बाजूंना आणि अमेरिकेत विखुरले होते. त्यातला मिएचिस्लाव्ह होर्शोव्स्की त्यांच्याकडे आला तेव्हा सात वर्षांचा होता. तो पुढे फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागला. मरे पेराया आणि रिचर्ड गूड यांनी त्याच्याकडे धडे घेतले. होर्शोव्स्कीची शेवटची मैफल १९९१ची, वयाच्या ९९व्या वर्षी.