कंसाचा जी-कोड (हौशी मिलिंग यंत्र)

कंसाचा जी-कोड : टेबलावर मावणाऱ्या सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या) मिलिंग यंत्राकडून वर्तुळ किंवा वर्तुळाचा तुकडा कापून घेण्यासाठी लिहिलेल्या आज्ञा. जी२ म्हणजे घड्याळाच्या दिशेने, जी३ म्हणजे उलट दिशेने. आज्ञेत शेवटचा बिंदू असतो आणि केंद्र किंवा त्रिज्या असते. सुरुवातीचा बिंदू लिहायचा नसतो, कटर त्या क्षणी जिथे उभा आहे तोच धरला जातो. कंसाच्या बहुतेक तक्रारी इथूनच निघतात. सुरुवात, शेवट आणि केंद्र या तिघांचा मेळ बसला नाही, तर नियंत्रक ओळ नाकारतो किंवा भलतेच वर्तुळ काढतो.

आकड्यांच्या आज्ञांवर चालणारे (न्यूमेरिकल कंट्रोल) मिलिंग यंत्र अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९५२ मध्ये दाखवले गेले. आज वापरात असलेली आज्ञांची भाषा आरएस-२७४ या अमेरिकी मानकातून आली. हौशी यंत्रांवर मात्र खरा फरक पडला तो २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘जीआरबीएल’ या मुक्त प्रणालीने, कारण ती आर्डुइनो उनो या साध्या, छोट्या नियंत्रण-बोर्डावर चालते. सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० पासूनचा आहे, आणि सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात फाउंड्री व मशीनशॉप पुष्कळ. त्यामुळे ३०० बाय १८० मिमी बेडच्या ‘३०१८’ जातीच्या यंत्राला इथे नावाच्या पाट्या कोरण्याखेरीज दुसरे काम सहज सापडते : एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) किंवा लाकडातले छोटे पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा घेण्यासाठीचे नमुने. पॅटर्नमध्ये सरळ रेषेपेक्षा गोलाईच जास्त असते.

पुढील आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. यंत्राला अर्थात रोमन अक्षरे आणि इंग्रजी आकडेच लागतात.

केंद्र देण्याची पद्धत. आय आणि जे हे अनुक्रमे एक्स व वाय दिशेतले, सुरुवातीच्या बिंदूपासून केंद्रापर्यंतचे अंतर. केंद्र (३०, ३०), मार्गाची त्रिज्या ७ आणि कटर (३७, ३०) वर असेल, तर आय-७ जे०. सुरुवातीचा कोन थ असेल तर सुरुवातीचा एक्स = केंद्राचा एक्स + त्रिज्या × कोसाइन थ, आणि आय = वजा त्रिज्या × कोसाइन थ. वाय आणि जे यांसाठी साइन घ्यायचा. स्प्रेडशीटमध्ये ही सूत्रे घालणारे हमखास एका जागी अडकतात : तिथे कोन रेडियनमध्ये लागतो. थेट ३० टाकले तर कोसाइन ०.८६६ ऐवजी ०.१५४ येतो.

दशांश तीन ठेवावेत. वरच्याच वर्तुळावर ३० अंशापासून ९० अंशापर्यंत कंस हवा असेल, तर सुरुवात (३६.०६२, ३३.५), आय-६.०६२ जे-३.५, शेवट (३०, ३७). हेच आकडे एका दशांशावर आणले की आय-६.१ होतो, सुरुवातीची त्रिज्या ७.०३३ येते आणि शेवटची ७ च राहते. जीआरबीएल ०.००५ मिमीपर्यंतचा फरक सोडून देतो. त्यापुढे तो त्रिज्येच्या ०.१ टक्क्यात बसला पाहिजे. इथे तो ०.०३३ आहे, म्हणून ‘एरर ३३’. आय आणि जे दोन्ही राहून गेले तर ‘एरर ३५’. एररची ओळ यंत्र नुसती गाळते. संगणकावरचा प्रोग्रॅम-पाठव्या तिथे थांबला नाही, तर पुढची सरळ रेषा चुकीच्या जागेवरून सुरू होते आणि कटर जॉबमधून (कापायच्या वस्तूतून) आडवा जातो. म्हणून एररवर थांबण्याची सोय चालू आहे ना, हे आधी पाहावे. डॉलर-सी ही तपासणीची आज्ञा यंत्र न हलवता अशा सगळ्या ओळी पकडून देते.

त्रिज्या देण्याची पद्धत (आर) लिहायला सोपी, पण बेभरवशाची. दोन बिंदूंतून एकाच त्रिज्येचे दोन कंस जातात, म्हणून १८० अंशांपेक्षा मोठ्या कंसाला आर उणे द्यावा लागतो. पूर्ण वर्तुळ आरने काढताच येत नाही. अर्धवर्तुळाजवळ तर ही पद्धत टाळावीच. त्रिज्या १० असताना दोन टोकांतले अंतर २० ऐवजी १९.९९ झाले, तर केंद्र ०.३१६ मिमी सरकते. म्हणजे चूक एका शतांशाची आणि परिणाम तिच्या तीसपट. अंतर २०.०१ झाले तर असा कंस भूमितीतच नसतो आणि ‘एरर ३४’ येते.

याच्या उलट जातीचा घोटाळा एररही देत नाही. सुरुवात आणि शेवट एकच असेल तर आय-जे पद्धतीत त्याचा अर्थ पूर्ण वर्तुळ. कॅम प्रोग्रॅमने (आकृतीवरून जी-कोड तयार करणाऱ्या) काढलेला एखादा सूक्ष्म कंस तीन दशांशांवर आणताना दोन्ही टोके एकच झाली, की यंत्र निमूटपणे पूर्ण फेरी मारते आणि जॉब वाया जातो. पोस्ट-प्रोसेसरमध्ये (कॅमचा मार्ग यंत्राच्या आज्ञांत बदलणाऱ्या भागात) कंसाची किमान लांबी ठरवून त्याखालचे कंस सरळ रेषेत बदलावेत.

काही नियंत्रकांत (उदा. माक३) आय-जे हे केंद्राचे निरपेक्ष स्थान म्हणूनही वाचता येतात. जी९०.१ निरपेक्ष, जी९१.१ सापेक्ष. जीआरबीएल फक्त सापेक्ष जाणतो. पडद्यावर बेडपेक्षा मोठी वर्तुळे एकमेकांत गुंतलेली दिसली, तर पहिला संशय याच सेटिंगचा घ्यावा.

उदाहरण : १२ मिमी एमडीएफमध्ये २० मिमी भोक, ६ मिमीचा दोन धारांचा एंडमिल (सपाट टोकाचा कटर). ७ त्रिज्येच्या मार्गाने एकदम कापले तर मध्ये ८ मिमीचा खुंट उरतो, तळाशी सुटतो आणि कटरवर आदळतो. म्हणून आधी २.५ त्रिज्येचा स्क्रूसारखा उतरणारा मार्ग घ्यावा (जी२१ मिलिमीटर, जी९० निरपेक्ष स्थाने, जी१७ एक्स-वाय पातळी, एम३ स्पिंडल चालू, एस त्याचे फेरे, जी० झटपट सरकणे, जी१ सरळ कापणी, झेड उभी दिशा, एफ फीड म्हणजे पुढे सरकण्याचा वेग) :

जी२१ जी९० जी१७
एम३ एस१००००
जी० झेड२
जी० एक्स३२.५ वाय३०
जी१ झेड० एफ१५०
जी३ एक्स३२.५ वाय३० झेड-१ आय-२.५ जे० एफ२७०

शेवटची ओळ झेड एकेक मिमीने उतरवत झेड-१२ पर्यंत लिहायची, आणि मग त्याच खोलीवर एक सपाट फेरी. खाली टाकाऊ फळी हवी. आता ५.५ त्रिज्येपर्यंत जागा मोकळी आहे. भिंतीवर सरळ घुसले तर तिथे खाच पडते, म्हणून केंद्रावरून अर्धवर्तुळाने शिरून तसेच बाहेर पडायचे :

जी१ एक्स३० वाय३०
जी३ एक्स३७ वाय३० आय३.५ जे० एफ४२०
जी३ एक्स३७ वाय३० आय-७ जे०
जी३ एक्स३० वाय३० आय-३.५ जे०

हलक्या यंत्राला पूर्ण खोलीची ही फेरी झेपत नसेल तर ती तीन-चार टप्प्यांत घ्यावी.

फीड वेगळा का, हे हौशी पुस्तिकांत क्वचितच सापडते. एफ हा कटरच्या केंद्राचा वेग असतो, पण कापणारी धार भिंतीला असते. १०,००० फेरे, दोन धारा, दर धारेला ०.०३ मिमी, म्हणजे भिंतीवर ६०० मिमी प्रतिमिनिट. आतल्या कंसात केंद्राचा फीड ६०० × ७/१० = ४२०, आणि लहान मार्गावर ६०० × २.५/५.५, म्हणजे सुमारे २७०. बाहेरच्या कंसात गुणोत्तर उलटते आणि फीड वाढवता येतो.

पॅटर्नसाठी श्रिंकेज (ओतलेला धातू थंड होताना आकसणे) धरावे लागते, करड्या बिडासाठी साधारण १ टक्का. इथे क्रम महत्त्वाचा : आधी आकृती मोठी करायची, मग कटरची त्रिज्या वजा करायची. तयार प्रोग्रॅमच १.०१ ने गुणला तर मार्ग ७.०७ होतो आणि भोक २०.१४ येते, हवे असते २०.२. हाताने फक्त एक्स-वाय गुणून आय-जे तसेच ठेवले, तर बहुधा एरर ३३ ठरलेली. कटरची त्रिज्या आपोआप धरणाऱ्या जी४१ आणि जी४२ जीआरबीएलमध्ये नाहीत, तेव्हा हा हिशोब ज्याचा त्यानेच करायचा.

नियंत्रक कंस प्रत्यक्षात बारीक जीवांनी (वर्तुळावरचे दोन बिंदू जोडणाऱ्या सरळ रेषांनी) कापतो. डॉलर-१२ या सेटिंगची मूळ किंमत ०.००२ मिमी आहे. तेवढ्या चुकीत ७ त्रिज्येच्या वर्तुळाच्या १३१ जीवा होतात, प्रत्येक सुमारे ०.३४ मिमीची. एवढी बारीक जीवा भिंतीवर डोळ्याला दिसत नाही. पैलू दिसत असतील तर दोष बहुधा कॅमचा : त्याने कंसाऐवजी सरळ तुकडेच लिहिले. असे तुकडे फार बारीक असले तर केबलवरून ओळी वेळेत पोचत नाहीत आणि यंत्र अडखळत चालते.

कापून झाले की भोक व्हर्नियरने चार दिशांना मोजावे. एक्स आणि वाय व्यास वेगळे आले तर स्टेप्स प्रति मिमी (एक मिमी सरकायला मोटारीला लागणारी पावले) तपासावे. दोन तिरपे व्यास वेगळे तर अक्ष काटकोनात नाहीत. सगळेच सारखे लहान असतील तर कटर वाकतो आहे किंवा झिजला आहे. त्याच मार्गावर आणखी एक फेरी द्यावी. ०, ९०, १८० आणि २७० अंशांवर पायऱ्या दिसल्या तर तो लीड स्क्रूच्या (अक्ष सरकवणाऱ्या आटेदार दांड्याच्या) नटातला खेळ, म्हणजे ढिलेपणा, कारण त्याच चार जागी एखादा अक्ष दिशा बदलतो. जीआरबीएल हा खेळ भरून काढत नाही. स्प्रिंगचा पितळी नट बसवणे हाच खरा उपाय. खेळ असलेल्या यंत्रावर आतल्या भोकात जी३ कटरला जॉबमध्ये ओढते (स्पिंडल घड्याळाच्या दिशेने फिरत असताना). अशा वेळी कच्ची कापणी जी२ ने करून शेवटची पातळ फेरी जी३ ने घ्यावी. वरचे आकडे नट घट्ट आहे असे धरून दिले आहेत.

कोपऱ्यातल्या उभ्या गोलाईसाठी गोल टोकाच्या कटरने जी१८, म्हणजे एक्स-झेड पातळीत कंस काढतात. तिथे जे ऐवजी के लागतो. ही पातळी यंत्राच्या मागच्या बाजूने पाहिलेली धरतात, त्यामुळे समोर उभे राहून पाहिले की जी२ उलटा फिरताना दिसतो. काम संपताच जी१७ परत लिहावा, नाहीतर पुढचा आडवा कंस एररमध्ये जातो.

पावसाळ्यात वीज लुकलुकते आणि प्रोग्रॅम कंसाच्या मध्येच तुटतो. तो तिथूनच सुरू करता येत नाही, कारण आय-जे कंसाच्या मूळ सुरुवातीपासून मोजलेले असतात. झेड वर घेऊन शून्य पुन्हा पकडावे आणि स्पिंडल चालू करावा. जी२१, जी९०, जी१७ व एफ परत द्यावेत, आधीच्या ओळीच्या शेवटच्या बिंदूवर येऊन खोली गाठावी आणि तो कंस पहिल्यापासून चालवावा.