कोपराच्या तारा निघाल्यावर

विदर्भाच्या खेड्यात पोरगं बोरीवरून, बैलबंडीवरून किंवा शाळेच्या ओट्यावरून हात टेकून पडतं आणि कोपराच्या जरा वरचं हाड मोडतं. लहान मुलांच्या कोपराचं सगळ्यांत जास्त दिसणारं हे फ्रॅक्चर. डॉक्टर त्याला सुप्राकॉन्डायलर म्हणतात आणि हाड जागेवर धरायला बारीक तारा घालतात; घरचे म्हणतात 'तारा टाकल्या'. तीन-चार आठवड्यांनी तारा निघतात तेव्हा कोपर धड सरळ होत नाही, धड वाकत नाही. "हात पयल्यासारका होईल नं?" आई विचारते. आजीने तेल कोमट करून ठेवलेलं असतं, आणि डॉक्टर सांगतात, चोळायचं नाही.

१८८१ मध्ये जर्मन सर्जन रिचर्ड फोन फोल्कमन यांनी दाखवून दिलं, की हात करकचून बांधला तर रक्ताविना स्नायू मरतात आणि बोटं कायमची आखडतात. हाडवैद्याच्या बांबूच्या कामट्यांखाली आजही हे घडू शकतं. पण दोष एकट्या त्याच्यावर टाकणं अन्यायाचं आहे. दवाखान्यातही हाड सरकू नये म्हणून कोपर पार दुमडून प्लास्टर करत, आणि सुजलेल्या हाताची रक्तवाहिनी त्यानेच दबे. ही कोंडी तारांनी फोडली. कातडीतून घातलेल्या तारांची पद्धत स्वेन्सन यांनी १९४८ मध्ये मांडली, पुढे ऑपरेशन चालू असतानाच एक्स-रे दाखवणारं यंत्र, सी-आर्म, आल्यावर ती रुळली. हाड तारांनी धरलं की कोपर फार दुमडावं लागत नाही.

उरला प्रश्न आखडलेल्या सांध्याचा. ताज्या दुखापतीवर जोराने मालिश केली किंवा हात ओढून ताणला, तर स्नायूतच हाड तयार होऊन सांधा अडकू शकतो. मग फिजिओथेरपी तरी हवीच का? जर्मनीतल्या २००५ च्या अभ्यासात ती मिळालेल्या मुलांचं कोपर बाराव्या आणि अठराव्या आठवड्यात जास्त हलत होतं, वर्षानंतर मात्र फरक उरला नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत ६१ मुलांवर झालेल्या चाचणीतही तिचा वेगळा फायदा दिसला नाही.

मेळघाटातल्या किंवा कोरचीतल्या आईसाठी मला हे फार मोलाचं वाटतं. आठवड्यातून दोनदा एसटीने शहरात नेणं, त्यात रोजी बुडवणं जमलं नाही म्हणून पोराचा हात आपण वाया घालवला, असं तिने मनाला लावून घेऊ नये. घास तोंडाशी नेणं, केस विंचरणं, अंगणात चेंडू झेलणं यातून मूल आपला हात आपणच मोकळा करतं, त्याला वेळ लागतो इतकंच.

सगळ्याच मुलांचं असं नसतं. हाडाची मोड सांध्यात गेली असेल, बोटं बधिर असतील, पंजा उचलत नसेल किंवा तीन महिन्यांनीही कोपर पुढे सरकत नसेल, तर नागपूर, सेवाग्राम, अमरावती, जिथे जवळ पडेल तिथे फिजिओथेरपिस्टला दाखवावंच लागतं.