मोठ्या वयाचा गिनीपिग घरी नेताय? आधी वजनकाटा काढा

लोक आमच्याकडे सोडून जातात ते गिनीपिग आम्ही नव्या घरी देतो. त्यातला चार-पाच वर्षांचा कुणी नेला की तिसऱ्या दिवशी फोन येतो तो ठरलेला. “अहो, हा काही खातच नाही. अजून रुळला नसेल, नाही का?” कधीपासून खात नाही, असं विचारलं की उत्तर मिळतं, “आणल्यापासूनच.” या एका उत्तरापायी हे पत्रक छापलंय.

रुळायला वेळ लागतो, हे खरं. नव्या घरात पहिले तीन-चार दिवस तो खोक्यात लपून बसेल, तुमची चाहूल लागली की जागच्या जागी थिजेल, मुलांनी हात पुढे केला की कोपरा गाठेल. हे सगळं चालतं, त्याला तसंच बसू द्या. लपायचं खोकं मात्र “दिसत नाही” म्हणून काढून घेऊ नका. चालत नाही ते खाणं थांबलेलं. याचं आतडं सतत गवत ढकलत राहण्यासाठीच आहे. ते थांबलं की गॅस धरतो, गॅसमुळे खाणं आणखी तुटतं आणि एका दिवसात जनावर हातचं जातं. कुत्र्याला एक दिवसाचा उपास सोसतो, याला नाही. बारा तास काहीच खाल्लं नसेल तर डॉक्टरांना लगेच फोन करा. “उद्या सकाळी बघू” यात आम्ही दोन चांगले गिनीपिग गेलेले पाहिलेत.

पण तो खातोय की नाही, हे कळणार कसं? लाजाळू गिनीपिग तुमच्यासमोर तोंड हलवत नाही, रात्री दिवे मालवल्यावर खातो. तेव्हा त्याच्याकडे बघत बसू नका, लेंड्या बघा. निजताना पिंजऱ्याचा तळ झाडून ठेवा आणि सकाळी बघा. बरा असेल तर दिवसाकाठी शंभरावर लेंड्या टाकतो, कॅप्सूलसारख्या, गुळगुळीत, एकसारख्या. त्या बारीक, सुक्या, टोकदार झाल्या किंवा एकदम कमी झाल्या तर पोटात काही जात नाहीये.

दुसरी खूण वजनाची. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. त्यावर खोलगट स्टीलचं पातेलं ठेवा, काटा शून्यावर आणा, आत कोथिंबिरीची एक काडी टाका आणि त्याला अलगद बसवा. काडी संपेपर्यंत तो हलत नाही, तेवढ्यात आकडा वाचून होतो. पूर्ण वाढलेल्याचं वजन साधारण ७०० ते १,२०० ग्रॅम असतं, पण तुमच्या उपयोगाचा आकडा म्हणजे आम्ही कार्डावर लिहून दिलेला. पहिले आठ दिवस रोज एकाच वेळी वजन करा, पुढे आठवड्यातून एकदा. वीस-तीस ग्रॅम इकडेतिकडे होतातच. पन्नास ग्रॅम उतरले तर आम्हाला कळवा. शंभर उतरले तर आम्हाला फोन करण्यात वेळ घालवू नका, थेट डॉक्टरांकडे जा.

मोठ्या वयात खाणं सुटण्यामागे बरेचदा दात असतात. याचे वीसही दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चावूनच झिजतात. मागच्या दाढा वाढल्या की जिभेवर कमान धरतात. मग तो हौसेने ताटलीकडे धावतो, तुकडा उचलतो आणि टाकून देतो. हनुवटी ओली राहते. पुढचे दात छान दिसतात, त्यावर जाऊ नका. दाढा डॉक्टरांनीच बघायला हव्यात.

शनिवारी संध्याकाळी गिनीपिग का देत नाही, यावर आमच्याशी बरेच जण वाद घालतात. सुट्टी तेव्हाच असते, हे आम्हालाही कळतं. पण धोक्याचे तास पहिल्या दिवशीचे, आणि रविवारी छोट्या प्राण्यांचे डॉक्टर सहजी सापडत नाहीत. म्हणून सोमवार ते गुरुवार. तसंच, “कुणीतरी फुकट सोडून गेलेल्या जनावराचे पैसे का?” असंही विचारतात. मुलं हॉस्टेलला गेली किंवा बदली झाली म्हणून आलेला प्राणी आम्ही तीन आठवडे वेगळा ठेवतो. त्यात दात, लघवी, कातडी तपासून घेतो आणि तीनदा वजन करतो. त्याचा खर्च तेवढा घेतो. वय मात्र जुन्या घरच्यांनी सांगितलं तेच लिहितो.

खाण्याचं. सोबत आठवड्याचं जुनं खाणं आणि थोडा वापरलेला भुसा देतो. “वास येतो” म्हणून भुसा टाकून देऊ नका, नव्या पिंजऱ्यात त्याच्या ओळखीचं तेवढंच असतं. खाणं बदलायचं ते दोन आठवड्यांत, थोडं थोडं. बिया आणि रंगीत दाण्यांचं मिश्रण, पोळीचा तुकडा, बिस्कीट, भात, काही नको. वाळलं गवत चोवीस तास समोर हवं, आणि इथेच लसूणघासाचा घोळ होतो. वैरणीच्या बाजारात तो स्वस्त मिळतो आणि पिल्लांना चांगला, पण त्यात कॅल्शियम फार. मोठ्यांना मूतखड्याचा त्रास आधीच जास्त होतो. मोठ्यांसाठी टिमोथीचं गवत आमच्याकडे किलोवर मिळतं. परवडत नसेल तर फुलवाल्याकडून दूर्वांच्या जुड्या घ्या, धुऊन द्या, आवडीने खातात. रस्त्याकडेचं गवत नको, त्यावर काय फवारलंय कुणास ठाऊक.

माणसासारखंच याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. कमी पडलं की सांधे सुजतात, चालायला नको वाटतं, हिरड्यांतून रक्त येतं, आणि घरचे म्हणतात म्हातारा झालाय. रोज ढोबळी मिरचीची एक जाड चकती द्या. पेरूची पातळ फोड अधूनमधून चालेल, गोड असल्यामुळे रोज नको. पाण्यात टाकायचे थेंब आम्ही विकतच नाही. पाण्यात त्यांचा असर लवकर उतरतो, आणि चव बदलल्यामुळे काही जण पाणीच पीत नाहीत.

मादीच्या दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ होत असतील तर अंडाशयात गाठी असू शकतात, या वयात ते बरंच आढळतं. लघवी करताना किंचाळणं किंवा लघवी लाल होणं, दोन्हींत त्याच दिवशी डॉक्टर. मोठ्या मादीजवळ नर ठेवू नका. पहिली वीण लहान वयात झाली नसेल तर कमरेचं हाड आवळून बसतं आणि बाळंतपणात जीव जातो.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन (पेनिसिलीनच्या जातीचं अँटिबायोटिक) कधीही देऊ नका. त्याने पोटातले उपयोगी जंतू मरतात आणि गिनीपिग दगावतो. एका ताईंनी मुलाच्या सिरपचे दोनच थेंब दिले होते. आमच्याकडे आणला तेव्हा त्याचं अंग गार पडलं होतं. कुत्र्यांचे डॉक्टर गाठले तरी “याला पेनिसिलीन चालत नाही” हे आधी सांगा.

घरात आधीचा गिनीपिग असेल तर नव्याला तीन आठवडे दुसऱ्या खोलीत ठेवा आणि हात धुऊनच एकाकडून दुसऱ्याकडे जा. एप्रिल-मेमध्ये पिंजरा बाल्कनीत नको. २७ अंशांच्या वर याला उष्माघात होऊ शकतो. फरशीवर ठेवा, फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली शेजारी द्या.

नखं कापून आणि वजन करून देण्याचे पैसे आमच्याकडून नेलेल्यांना पडत नाहीत, दिवाळीच्या सुट्टीत ठेवून घेण्याची जागा मात्र महिनाभर आधी सांगावी लागते. काही कारणाने नाहीच जमलं तर परत आणा, कारण विचारणार नाही. फक्त वजनाचं कार्ड सोबत आणा.