'पीएस', 'टॉप', 'किल': चालू प्रोसेस हाताळणाऱ्या कमांड कुठून आल्या?

सर्व्हर जड झाला की टर्मिनल उघडायचं, 'पीएस' नाहीतर 'टॉप' मारायचं, दिसणाऱ्या यादीतून त्रास देणाऱ्या प्रोसेसचा (म्हणजे चालू प्रोग्रामचा) नंबर शोधायचा आणि ती बंद करायला 'किल' द्यायचं. या रोजच्या कामामागचा इतिहास पन्नास वर्षांहून जुना आहे.

युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम 1969 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत सुरू झाली. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या या सिस्टीमवर एकाच मशीनवर अनेक जण एका वेळी काम करत, त्यामुळे कोणाचं काय चाललंय हे कळायला हवंच होतं. 1973 च्या तिसऱ्या आवृत्तीत 'पीएस' आणि 'किल' या दोन्ही कमांड दाखल झाल्या.

पण 'पीएस'ला माहिती मिळायची कुठून? माझ्या मते खरी गोष्ट इथेच आहे. प्रोसेसची यादी कर्नलच्या (सिस्टीमच्या गाभ्याच्या) मेमरीत असते आणि ती मागून घ्यायची रीतसर सोय तेव्हा नव्हती. मग 'पीएस' कर्नलच्या फाइलमधून त्या टेबलचा पत्ता काढायची आणि मशीनची मेमरी थेट उघडून तिथले बाइट वाचायची. कर्नलमधली रचना जरा बदलली की 'पीएस' नव्याने कंपाइल करा. वाचता वाचता टेबलच बदललं तर यादी चुकीची. शिवाय सगळी मेमरी कोणालाही वाचू देणं धोक्याचं, कारण दुसऱ्याचा पासवर्डही तिथे असू शकतो; म्हणून या एका प्रोग्रामला खास परवानगी द्यावी लागे.

बेल लॅब्सच्याच टॉम किलियन यांनी 1984 मध्ये यावर फार सुंदर तोड मांडली: प्रत्येक प्रोसेस '/प्रॉक' डिरेक्टरीत फाइल म्हणून दिसू दे. त्यांचा रोख मुख्यतः डीबगिंगवर, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका शोधण्यावर होता. पुढे बेल लॅब्सच्याच प्लॅन 9 या ऑपरेटिंग सिस्टीमने प्रत्येक प्रोसेसला स्वतंत्र डिरेक्टरी आणि आत साध्या मजकुराच्या फाइल दिल्या, आणि युनिक्ससारख्याच लिनक्समध्येही तीच पद्धत आली. आज लिनक्सवर 'एसट्रेस' (प्रोग्राम कर्नलकडे काय काय मागतो ते दाखवणारी कमांड) लावून 'पीएस' चालवून बघा: '/प्रॉक/1/स्टॅट', '/प्रॉक/2/स्टॅट' अशा फाइल ती एकामागून एक उघडत जाते. बस्स, एवढंच तिचं काम उरलंय.

'टॉप'सुद्धा 1984 चीच. राइस विद्यापीठात शिकणाऱ्या विल्यम लेफेव्हर यांनी व्हीएमएस या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीममधली तशी सोय पाहून ती लिहिली. तिच्यासारखीच 'एचटॉप' आली 2004 मध्ये, हिशाम मुहम्मद यांच्याकडून. सगळ्या प्रोसेस बघायला 'पीएस एयूएक्स' की 'पीएस -ईएफ', हा नवशिक्यांना छळणारा फरक युनिक्सच्या बीएसडी आणि सिस्टीम फाइव्ह या दोन घराण्यांचा. लिनक्सने दोन्ही चालवून घेतले. कंट्रोल-झेडने काम थांबवून नंतर पुढे चालू करण्याची सोय मात्र ऑस्ट्रियातल्या एका संशोधन संस्थेत काम करणाऱ्या जिम कल्प यांची.

2008 च्या जानेवारीत लिनक्स 2.6.24 ने प्रोसेसच्या नंबरांना वेगवेगळी नेमस्पेस दिली, म्हणजे प्रोसेसच्या प्रत्येक गटाला नंबरांची स्वतंत्र मालिका मिळू लागली. म्हणूनच डॉकर कंटेनरच्या (ॲप इतरांपासून वेगळं चालवायच्या कप्प्याच्या) आत 'पीएस' मारलं की मोजक्याच प्रोसेस दिसतात आणि तुमचं ॲप 1 नंबरवर असतं. तेच ॲप बाहेरच्या होस्टवर (कंटेनर चालवणाऱ्या मशीनवर) मात्र वेगळ्याच नंबरने चालू असतं.