ग्रामपंचायतीचा हिशोब आणि त्यावरची देखरेख (ग्रामीण विदर्भ)

ग्रामपंचायतीकडे पैसा कुठून आला, कशावर गेला आणि बरोबर गेला की नाही हे कोणी, कधी, कुठल्या कागदावरून तपासायचं, याची जी सगळी व्यवस्था आहे तिला आर्थिक जबाबदारी आणि देखरेख म्हणतात. गावात मात्र असं कोणी बोलत नाही, गावात लोक म्हणतात "हिशोब दाखवा" किंवा "दप्तर काढा". तपासणी करणारे कमी नाहीत, पंचायत समितीचा विस्तार अधिकारी आहे, बीडीओ म्हणजे गटविकास अधिकारी आहे, स्थानिक निधीचे ऑडिटर आहेत, वर पुन्हा कॅग म्हणजे देशाचा महालेखापरीक्षक आहे, पण ऑडिटमध्ये काय निघालं हे ज्याची घरपट्टी आहे त्यालाच कळत नाही, खरी अडचण तिथं आहे.

विदर्भात ही व्यवस्था थोडी वेगळ्या वाटेनं आली. मध्यप्रांत आणि वऱ्हाडात १९४८ पासून जनपद सभा म्हणजे ग्रामीण भागाचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक संस्था होत्या, १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, मग १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आला. पुसदच्या वसंतराव नाईकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं १९६१ ला अहवाल दिला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद-पंचायत समिती सुरू झाल्या. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली, तिच्यात पंचायतीच्या ऑडिटसाठी वेगळं कलमच आहे, २४३-जे. मोठा फरक पडला तो १४ व्या वित्त आयोगापासून (केंद्राचा पैसा खाली कसा वाटायचा ते हा आयोग सुचवतो), म्हणजे २०१५ नंतर, कारण आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात यायला लागला. १५ व्या आयोगात राज्यात ८० टक्के ग्रामपंचायतीला आणि १०-१० टक्के पंचायत समिती, झेडपीला अशी वाटणी झाली, आणि २०२१-२२ पासून त्यातला ६० टक्के बंधित म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा, बाकीचा ४० टक्के अबंधित. आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के पेसा निधी (पेसा म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) पण २०१५ पासून थेट येतो, धारणी-चिखलदऱ्यापासून गडचिरोलीपर्यंतच्या अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींना.

स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, आठवडी बाजाराची हर्रास म्हणजे लिलाव, कोंडवाड्याची फी. कापूस-सोयाबीन विकून हातात पैसा आला की वसुली होते, नाहीतर दाखला पाहिजे असला की लोक भरतात. या वसुलीवर नजर ठेवायला कायद्यानं नमुने म्हणजे ठराविक रजिस्टरं-फॉर्म ठरवून दिलेत, लेखा संहिता २०११ प्रमाणे नमुना १ ते ३३. सगळे पाठ करायची गरज नाही, चार समजले तरी पुष्कळ होतं. नमुना ८ मध्ये कोणाच्या घरावर किती कर बसवला ते असतं, ९ मध्ये यंदा किती मागणी आहे आणि मागचं किती बाकी आहे, १० म्हणजे तुम्हाला मिळालेली पावती, आणि ५ म्हणजे रोकडवही, कॅशबुक. आता समजा तुम्ही फेब्रुवारीत दोन हजार भरले, तर पावतीचा नंबर ९ मध्ये तुमच्या नावापुढे पाहिजे, ती रक्कम ५ मध्ये त्याच तारखेला किंवा दिवसाच्या एकूण वसुलीत दिसली पाहिजे, आणि मग बँकेच्या पासबुकात भरणा दिसला पाहिजे. पावती फेब्रुवारीची अन् भरणा जूनचा असला तर मधले महिने पैसा कोणाच्या तरी हातात होता, ऑडिटरच्या भाषेत हातशिल्लक, आणि बहुतेक अपहार इथूनच सुरू होतात, मोठ्या टेंडरातून नाही. म्हणून क्यूआर कोड लावून थेट खात्यात कर भरायची सोय केली की अर्धी भानगड तिथंच मिटते, ज्या पंचायतीनं अजून केली नाही त्यांनी करावी असं मला मनापासून वाटतं.

खर्चाच्या बाजूला एक नाली घ्या. आधी ती 'आमचं गाव आमचा विकास'च्या आराखड्यात पाहिजे, आराखड्याला ग्रामसभेची मंजुरी पाहिजे, मग इस्टीमेट, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, काम, इंजिनिअरनं भरलेली एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका, आणि शेवटी बिल. २०२० पासून ई-ग्रामस्वराज हे पंचायतीच्या हिशोबाचं पोर्टल आणि पीएफएमएस ही सरकारी पेमेंटची ऑनलाईन व्यवस्था आली, सरपंच आणि ग्रामसेवक (२०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी) या दोघांच्या डिजिटल सहीशिवाय वित्त आयोगाचा पैसा निघत नाही, आणि कोणत्या कामावर किती गेला ते मोबाईलवर कोणालाही पाहता येतं. हे चांगलंच झालं. पण कुठं कुठं दोन्ही डोंगल (डिजिटल सहीचे पेनड्राइव्हसारखे यंत्र) एकाच माणसाच्या ड्रॉवरमध्ये किंवा कॉम्प्युटर ऑपरेटरजवळ असतात, महिला सरपंच असली तर तिला पेमेंट झाल्याचं मागून कळतं, मग दोन सह्यांचा अर्थच काय राहिला? आणि पोर्टलवर नालीचा पैसा दिसतो, नाली दिसत नाही, ती टेप घेऊन मोजावी लागते. एमबीत १०० मीटर लिहिलं आणि जाग्यावर ८० भरलं तर हे ना ऑडिटर पकडणार ना पोर्टल, कारण ऑडिटर कागद पाहतो. ते त्या गल्लीतलाच माणूस पकडू शकतो, फक्त त्याच्या हातात एमबीची झेरॉक्स पाहिजे.

ऑडिट स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग करतो, त्याचा कायदा १९३० चा आहे, आता काम बरंचसं ऑडिटऑनलाईन या पोर्टलवर चालतं. आक्षेप ठरलेले असतात: प्रमाणक म्हणजे खर्चाचं व्हाउचर नाही, कामाचे तुकडे पाडून टेंडर टाळलं, मागासवर्गीयांवर १५ टक्के, महिला-बालकल्याणवर १० टक्के, दिव्यांगांवर ५ टक्के खर्च केला नाही, आणि नेहमीचा म्हणजे अभिलेख उपलब्ध करून दिला नाही. हा शेवटचा सगळ्यात वाईट, कारण ग्रामसेवक बदलून गेला, पूर्ण चार्ज दिला नाही, नवा म्हणतो माझ्या काळातलं नाही, आणि वर्षानुवर्षं ऑडिटचे परिच्छेद म्हणजे आक्षेप तसेच पडून राहतात, रक्कम वसूलपात्र म्हणून लिहिलेली असते पण वसूल होत नाही.

खरी किल्ली ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ८ मध्ये आहे. वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेत मागच्या वर्षाचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल आणि शेवटची ऑडिट नोट तिच्या उत्तरांसकट ठेवणं बंधनकारक आहे. किती गावात ठेवतात ते ज्यानं त्यानं आपल्या गावात पाहावं. वर्षात किमान ४ ग्रामसभा, कोरम म्हणजे किमान हजेरी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातला कमी आकडा, तो झाला नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची अट नसते, म्हणून पुष्कळ ठराव दहा-पंधरा माणसांतच पास होतात. रजिस्टरवर आधी सह्या अन् ठराव मागून लिहिणं ही पण जुनी खोड आहे. तिच्यावर उपाय साधा आहे, प्रोसिडिंग सभेतच लिहून वाचून दाखवा म्हणायचं आणि शेवटच्या ओळीखाली रेघ मारून घ्यायची.

लोकांनी मनावर घेतलं तर काय होतं हे गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) नं दाखवलं. तिथं निर्णय सर्वसहमतीनं होतात, गावाचा अभ्यासगट आहे, २००९ ला सामूहिक वनहक्क म्हणजे जंगलावर गावाचा कायदेशीर हक्क मिळाला आणि २०११ ला बांबूचा वाहतूक परवाना गावाच्या हातात आला, मग बांबूचा पैसा ग्रामसभेचा झाला. चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव पण स्वतः बांबू विकतं. पेसाच्या २०१४ च्या नियमांनंतर पुष्कळ ग्रामसभा तेंदूपत्त्याची हर्रास स्वतः करतात, तिथं आता हिशोब ठेवणारे पोरं-पोरी तयार करणं हेच मोठं काम आहे, पैसा मोठा आहे अन् ठेकेदार हुशार आहे.

हिशोब दाखवायला नकार मिळाला तर माहिती अधिकार २००५ आहे, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, ३० दिवस, मग पंचायत समितीत पहिलं अपील, आणि दुसरं राज्य माहिती आयोगाच्या नागपूर किंवा अमरावती खंडपीठाकडं, तिथं मात्र तारीख लागायला वेळ लागतो. अर्जात "सर्व माहिती द्या" लिहू नये, कामाचं नाव, वर्ष, एमबी, प्रमाणक आणि रोकडवहीचं पान असं नेमकं मागावं. गैरप्रकार कागदावर सापडला तर तक्रार झेडपीच्या सीईओकडं म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडं जाते, चौकशी होते, आणि ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ३९ खाली सरपंचाला पदावरून काढायचा आदेश विभागीय आयुक्त देतात. अपहार ठरला की रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते, सातबाऱ्यावर बोजा चढवून सुद्धा.