सित्सी डांगारेम्बगा: तीन कादंबऱ्या, एक फलक आणि कलम ३७

सप्टेंबर २०२२ मध्ये झिम्बाब्वेची राजधानी हरारेतल्या कनिष्ठ न्यायालयाने कादंबरीकार आणि चित्रपटकार सित्सी डांगारेम्बगा यांना फलक घेऊन रस्त्यावर उतरल्याबद्दल दोषी ठरवले, तेव्हा बाहेरच्या वृत्तपत्रांनी त्यांची ओळख ‘बुकर या साहित्य पुरस्काराच्या लघुयादीतील लेखिका’ एवढीच करून दिली. ओळख खोटी नव्हती, पण तिच्यात जवळपास चाळीस वर्षांचे काम गाळले गेले.

जन्म १९५९ चा, मुटोकोचा. बालपणाची काही वर्षे इंग्लंडमध्ये गेली. पुढे वैद्यकीय शिक्षणासाठी केंब्रिजला गेल्या, ते अर्धवट सोडले आणि १९८० मध्ये झिम्बाब्वेच्या स्वातंत्र्याच्या तोंडावर परतल्या. ‘नर्व्हस कंडिशन्स’ लिहून झाली, पण देशातल्या प्रकाशकांनी ती नाकारली. अखेर लंडनमधल्या स्त्रीवादी प्रकाशनाने १९८८ मध्ये ती छापली. कृष्णवर्णीय झिम्बाब्वेयन स्त्रीची इंग्रजीतून प्रसिद्ध झालेली ही पहिली कादंबरी. शाळेसाठी आसुसलेली तांबू हे तिचे मुख्य पात्र पुढच्या दोन्ही पुस्तकांतही आहे. दुसरे पुस्तक यायला मात्र २००६ उजाडले. या काळात त्या गप्प बसल्या होत्या असा समज दिसतो, तो चुकीचा आहे. त्या बर्लिनमध्ये चित्रपटाचे शिक्षण घेत होत्या. विधवेच्या मालमत्तेवर दीर डल्ला मारतो, ही १९९३ च्या ‘नेरिया’ चित्रपटाची गाजलेली कथा त्यांचीच. १९९६ मध्ये त्यांनी स्वतः चित्रपट दिग्दर्शित केला.

आता खटला. २०२० च्या जुलैअखेरीस त्यांची तिसरी कादंबरी ‘धिस मोर्नेबल बॉडी’ बुकरच्या दीर्घयादीत आली. त्यानंतर तीन दिवसांनी, ३१ जुलैला, भ्रष्टाचार आणि महागाईविरुद्ध निदर्शनांची हाक होती. महासाथीच्या निर्बंधांचे कारण देत पोलिसांनी रस्ते मोकळे करवले होते. डांगारेम्बगा आणि त्यांची मैत्रीण, अशा दोघीच फलक घेऊन हरारेच्या एका उपनगरात चालत होत्या. ‘आम्हाला याहून चांगले हवे. आमच्या संस्था सुधारा’ एवढेच फलकावर होते. दोघींना पोलिसांच्या गाडीत घालून नेले. दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला.

आरोप ‘सार्वजनिक हिंसाचाराला चिथावणी’ असा सांगितला जातो, पण तो नीट वाचायला हवा. फौजदारी संहितेचे कलम ३७ हिंसाचार, शांतताभंग किंवा द्वेष वाढवण्याच्या हेतूने जमावात सहभागी होण्याबद्दल आहे. म्हणजे कळीचा मुद्दा हेतूचा. दोन बायकांच्या हातातल्या पुठ्ठ्यावरून तो कसा ठरवायचा, यावर खटला दोन वर्षांहून अधिक रेंगाळला. या कलमाला वंशावळही आहे. संहितेत येण्याआधी ते २००२ च्या सुव्यवस्था कायद्यात होते, आणि तो कायदा १९६० च्या वसाहतकालीन कायद्याच्या जागी आणलेला. गोऱ्या राजवटीच्या त्या कायद्याला शिव्या घालतच सत्तेवर आलेल्यांनी तो वीसेक वर्षे निमूटपणे वापरला, हे सांगितल्याशिवाय खटला समजत नाही.

शिक्षा ७०,००० झिम्बाब्वे डॉलर दंड आणि सहा महिन्यांचा स्थगित कारावास. चलन इतके घसरलेले की दंडाची रक्कम बोचणारी नव्हती. बोचणारी होती टांगती तलवार: पुन्हा तसाच गुन्हा झाला, तर तुरुंग. फलक हातात घेणे हाच गुन्हा ठरला असताना या अटीचा अर्थ उघड होता. दरम्यान २०२१ मध्ये जर्मनीतल्या पुस्तकव्यावसायिकांचा शांतता पुरस्कार त्यांना मिळाला होता. त्याचा निकालावर काडीचाही परिणाम झाला नाही.

मे २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने दोषसिद्धी रद्द केली. त्याच वर्षी जुलैमध्ये, निवडणुकीला महिना-दीड महिना राहिला असताना, राष्ट्राध्यक्षांनी याच संहितेत दुरुस्ती करणाऱ्या विधेयकावर सही केली. देशाच्या सार्वभौमत्वाला व हिताला जाणूनबुजून बाधा आणणे हा त्यामुळे नवा गुन्हा ठरला.